“समजलं का?” विचारल्यावर सगळे गप्प: व्हिडिओ तासात संवाद कसा साधावा

प्रश्न: मी दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला लेखाशास्त्र शिकवते. बरीचशी संपर्क सत्रं आता व्हिडिओवरच होतात. तासाला पस्तीस-चाळीस जण असतात, पण सगळ्यांचे कॅमेरे बंद. “समजलं का?” विचारलं की दोघं-तिघं चॅटमध्ये ‘यस मॅडम’ टाकतात, बाकी कोणी काही बोलत नाही. पेपर तपासायला घेतले की लक्षात येतं, समजलेलं नव्हतंच. कॅमेरे सक्तीने चालू करायला लावू का? आणि मला पेन टॅबलेट (संगणकाला जोडून पेनने लिहायची पाटी) घ्यावा लागेल का?

उत्तर: कॅमेऱ्याचं आणि टॅबलेटचं पुढे बघू. त्याआधी “समजलं का?” हा प्रश्न तुमच्या तासातून काढून टाका. तो वाईट आहे असं नाही, पण व्हिडिओवर त्यातून काहीच कळत नाही. समोरासमोरच्या वर्गात आपण हा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर कानांनी ऐकतच नसतो. त्या निमित्ताने मान वर करून वर्गाकडे बघतो. कोणाचं पेन थांबलंय, कोण शेजारच्याच्या वहीत डोकावतंय, मागच्या बाकावर कोणाच्या कपाळाला आठी पडलीय, यावरून ठरवतो की पुढे जायचं की पुन्हा सांगायचं. स्क्रीनवर हे सगळं नाहीसं होतं आणि नुसता प्रश्न उरतो. त्याला सभ्यपणे देता येण्यासारखं उत्तर एकच: हो. “नाही समजलं” म्हणायचं तर चाळीस जणांच्या देखत माईक सुरू करून आपलं अडलेलं सांगायचं. दिवसभर दुकानात किंवा अंगणवाडीत काम करून रात्री साडेआठला तासाला बसलेली, पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात घेतलेली बाई ते करणार नाही, आणि तिने ते करावं अशी अपेक्षाही आपण धरू नये.

व्हिडिओ तासात तुमच्याकडून विद्यार्थ्यापर्यंत जाणारी वाट आयती मिळते, पण विद्यार्थ्याकडून तुमच्यापर्यंत येणारी वाट मुद्दाम बांधावी लागते. ती नसली तर तास हे दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण होतं. आपल्या देशात त्याचाही मोठा अनुभव आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. गाव बघू-ऐकू शकत होतं, उलट विचारू मात्र शकत नव्हतं. २००४ साली खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला, तेव्हा काही केंद्रांवर उलट बोलायचीही सोय झाली. आज विद्यार्थ्याच्या हातातल्या फोनमध्येच माईक आहे, म्हणजे परतीच्या वाटेचं तांत्रिक काम झालेलं आहे. उरलेलं काम शिक्षकाचं. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर १९७० च्या दशकापासून हेच मांडत आले: दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात किती देवाणघेवाण होते, यावर ते ठरतं.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. तुम्ही घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी वस्तूची किंमत, शिकवताय. ५०,००० रुपयांचं यंत्र, दरसाल १० टक्के घसारा, घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर. पद्धत समजावून झाली की म्हणा, “तिसऱ्या वर्षाचा घसारा किती, तो वहीत काढा. नुसता आकडा चॅटमध्ये लिहून ठेवा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.” दीड-दोन मिनिटं थांबा, मग म्हणा, “आता सगळ्यांनी पाठवा.” आकडे धडाधड येतील. एकमेकांचं बघून लिहायला कोणालाच वेळ मिळत नाही, म्हणून हे थांबवून ठेवणं महत्त्वाचं. नाहीतर पहिल्या हुशार मुलाचं उत्तर येतं आणि त्याखाली तेच उत्तर वीस वेळा.

आता आलेले आकडे वाचा. ४,०५० ज्यांनी लिहिलं त्यांना जमलंय. ५,००० लिहिणारे अजून सरळ रेषा पद्धतीतच आहेत. त्यांच्यासाठी दर वर्षाचा घसारा सारखाच आहे. ४,५०० लिहिणाऱ्यांना पद्धत आली आहे, फक्त ते एक वर्ष मागे राहिले. ४०,५०० लिहिणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक बरोबर काढली आणि तिथेच थांबले. ‘घसारा’ आणि ‘शिल्लक’ यांत त्यांचा गोंधळ आहे. सगळ्यांत लक्ष देण्यासारखं उत्तर ४,०००. त्या विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षं पाच-पाच हजार वजा केले आणि उरलेल्या ४०,००० वर दहा टक्के काढले. म्हणजे त्याने दोन्ही पद्धती एकत्र केल्या. नुसत्या “समजलं का?”ला हे पाचही जण ‘यस मॅडम’ म्हणाले असते. इथे प्रत्येकाने नकळत स्वतःची अडचण तुमच्या हातात ठेवली. माईक सुरू करावा लागला नाही, वाक्य जुळवावं लागलं नाही, कमीपणा वाटला नाही.

असा प्रश्न घडवायला वेळ लागतो. तासाच्या तयारीतला माझा सर्वाधिक वेळ यातच जातो आणि तुम्हीही तो तिथेच घालवा असं मी आग्रहाने सांगेन. स्लाइड सुंदर करण्यापेक्षा, कुठल्या चुकीतून कुठलं उत्तर निघेल हे आधी वहीत मांडून ठेवा. प्रत्येक चुकीचं उत्तर निराळं निघेल असे आकडे निवडा. रोजकीर्दीसाठीही (रोजच्या व्यवहारांच्या नोंदवहीसाठीही) हे जमतं: “मालकाने घरखर्चासाठी दुकानातून १,००० रुपये नेले. नावे (डेबिट) कोणतं खातं? एकच शब्द लिहा.” कोणी ‘उचल’ लिहील (हे बरोबर: मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम), कोणी ‘रोख’, कोणी ‘भांडवल’, कोणी ‘घरखर्च’, आणि प्रत्येक शब्दामागे निराळा विचार दिसेल. असा प्रश्न आठ-दहा मिनिटांतून एकदा तरी यायला हवा.

चुकीच्या उत्तराशी कसं वागता यावर पुढच्या वेळी किती उत्तरं येतील हे ठरतं. नाव न घेता आकडा उचला: “चॅटमध्ये ४,००० आलंय. हे कसं निघालं ते आपण शोधू, कारण परीक्षेत इथेच मार्क जातात.” चॅट फक्त शिक्षकाला दिसावं अशी सोय तुमच्या ॲपमध्ये असेल, तर पहिले काही तास ती जरूर वापरा. लिहिण्याची सवय झाली की मग सगळ्यांना दिसू द्या.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं तिला आढळलं. हाच अवधी तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांब यायला लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. व्हिडिओवर तीन सेकंदही पुरत नाहीत. तुमचा आवाज पोचायला वेळ, विचाराला वेळ, म्यूट काढायला वेळ, आणि फोनवर देवनागरीत टाइप करायचं तर आणखी वेळ. म्हणून तोंडी उत्तरासाठी दहा आणि छोट्या लेखी उत्तरासाठी तीसेक सेकंद मनात मोजा. मात्र ही शांतता आधी जाहीर करा: “आता मी अर्धा मिनिट गप्प बसणार आहे, लाइन गेलेली नाही.” एवढं सांगितलं नाही तर विद्यार्थी विचार सोडून “मॅडम, आवाज येत नाहीये” असं लिहीत बसतात.

आवाजाच्या या उशिरानेच “कोण सांगेल?” हाही प्रश्न व्हिडिओवर फसतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. २००९ साली दहा भाषांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात साधारण हेच दिसलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे, संभाषण सहज वाटायचं असेल तर एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. गावाकडच्या मोबाइल रेंजवर तो बराच पुढे जातो. मग दोघं एकदम बोलू लागतात, दोघंही “तुम्ही बोला” म्हणून थांबतात, आणि तिसऱ्यांदा कोणी तोंड उघडत नाही. यात त्यांचा भिडस्तपणा नाही, दोष लाइनवरच्या उशिराचा आहे. म्हणून प्रश्न आधी सगळ्यांना विचारा, थोडं थांबा, मग दोन नावं क्रमाने सांगा: “आधी सुरेखाताई, त्यानंतर गणेश.” पहिली बोलत असताना दुसऱ्याला म्यूट काढायला आणि मन तयार करायला वेळ मिळतो. नको असेल तर ‘पुढे’ एवढंच म्हणायची मोकळीक द्या, आणि ती खरोखर पाळा.

नावांवरून आठवलं. यादीत अर्ध्या लोकांच्या जागी फोनच्या मॉडेलचं नाव दिसतं, काहींच्या जागी नवऱ्याचं किंवा पाचवीतल्या मुलाचं, कारण फोन घरात एकच असतो. पहिल्या तासाची पाच मिनिटं खर्च करून प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि गाव लिहायला शिकवा. दूरशिक्षणात विद्यार्थी अनेकदा आपल्यापेक्षा वयाने मोठे असतात. त्यांना अहो-जाहो करा, ताई-दादा म्हणा, आणि यादीतलं नाव नीट उच्चारा. आवाजाखेरीज हाताशी काहीच नसताना, आपल्याला नावाने ओळखतात ही जाणीव फार मोठी असते. चॅटमध्ये कोणी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कोणी बोलून टाइप केलं, कोणी फक्त अंगठा दाखवला, सगळं चालवून घ्या. तिथे शुद्धलेखन तपासू नका.

आता आवाज. यावर मी जास्तच बोलतो असं सहकारी म्हणतात, पण माझं मत ठाम आहे. चित्र गेलं तरी तास चालतो, आवाज गेला की तास संपला. बोलणं पोचवायला सेकंदाला वीस-तीस किलोबिट पुरतात, तर चेहरा दाखवायला कित्येक शे लागतात. रेंज कमी झाली की आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा, विद्यार्थ्यांनाही तेच सांगा. लॅपटॉपच्या आतला माईक खोलीतला पंखा, मिक्सर आणि रस्ता सगळं उचलतो. साधा वायरचा इअरफोन, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, आणि भिंतीवर पडदा किंवा गादी असलेली खोली, एवढ्याने फरक पडतो.

बोलायची पद्धतही बदलावी लागते. वाक्यं छोटी ठेवा आणि शेवटचा शब्द गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘नावे टाकायची’ आणि ‘नावे टाकायची नाही’ यांतला फरक अगदी शेवटी असतो, आणि तुटणारा आवाज नेमका तिथे तुटतो. आकड्यांची तर खास काळजी घ्या. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि पासष्ट फोनच्या स्पीकरवर सारखेच ऐकू येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलांच्या शिक्षणाचा तो प्रश्न इथे सोडवत नाही, पण व्हिडिओ तासात दोन्ही म्हणणं फार उपयोगी पडतं: “त्रेसष्ट, साठ तीन.” लेखाशास्त्रात एक अंक चुकला की तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) जुळत नाही, आणि बिचारा विद्यार्थी अर्धा तास स्वतःच्या बेरजेत चूक शोधत बसतो.

याच्याच जोडीला ‘इथे’, ‘हे’, ‘ते’, ‘असं’ हे शब्द सोडा. फळ्यापाशी बोट दाखवून “हे इथे येतं” म्हणणं पुरतं. स्क्रीनवर कर्सर कोणाला दिसत नाही, कोणाचं चित्र चार सेकंद मागे असतं, कोणी फोन खिशात ठेवून एसटीत उभा राहून नुसतं ऐकत असतो. “तिसरी ओळ, उजवीकडून दुसरा रकाना, नावे रक्कम, ४,०५०” असं बोला. सुरुवातीला जड जातं, पण काही तासांत जीभ वळते. तपासायचं असेल तर तासाचं रेकॉर्डिंग स्क्रीन उलटी ठेवून दहा मिनिटं ऐका. नुसत्या आवाजावर नोंद वहीत उतरवता आली तर तुमचं बोलणं व्हिडिओसाठी तयार झालं असं समजा.

बहुतेक विद्यार्थी तास फोनवर बघतात, हेही विसरू नका. तारीख, तपशील, खाते पान, नावे आणि जमा असे पाच रकाने असलेलं रोजकीर्दीचं पूर्ण पान फोनच्या आडव्या स्क्रीनवरही मुंगीएवढं दिसतं. एका वेळी एकच नोंद दाखवा, मोठी. पूर्ण पानाचा फोटो तासाआधी ग्रुपवर टाका, म्हणजे ज्याला हवं तो बोटांनी मोठं करून बघेल.

कॅमेऱ्याबद्दल. सक्ती करू नका. एका खोलीचं घर असतं, मागे सासरे जेवायला बसलेले असतात, लहान मूल रडत असतं, डेटा संध्याकाळपर्यंतच संपत आलेला असतो. जबरदस्तीने कॅमेरा लावून घेतलेला विद्यार्थी शिकण्याकडे कमी आणि मागे काय दिसतंय याकडे जास्त लक्ष देतो. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ भेटींच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं आणि एका जागी जखडून बसणं ही कारणं आहेत. शिवाय कॅमेरा चालू असला म्हणजे लक्ष आहे असंही नाही. चाळीस टिकल्यांएवढ्या चौकोनांत तुम्हाला कोणाच्या कपाळावरची आठी दिसणार नाही. त्या घसाऱ्याच्या आकड्यांतून जे कळतं ते चेहऱ्यांतून कळत नाही. सुरुवातीच्या दोन मिनिटांत “ज्यांना शक्य आहे त्यांनी नमस्कारापुरता कॅमेरा लावा” एवढं म्हणा. अनेक जण आपणहून लावतील. तुम्ही स्वतः मात्र सुरुवातीला आणि नवी कल्पना सांगताना चेहरा दाखवा, फोन किंवा लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि महत्त्वाचं वाक्य भिंगाकडे बघून बोला. स्वतःचं चित्र स्वतःला दिसणं बंद करा. बराच शीण उतरतो.

रेकॉर्डिंग ठेवा, पण शंकांच्या वेळी ते थांबवा आणि थांबवलं आहे असं सांगा. आपला आवाज कुठेतरी साठून राहणार ही भीती प्रश्न विचारू देत नाही. तासभराचं सलग रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली व्हिडिओ बघण्याची लाखो सत्रं तपासली, त्यात सहा मिनिटांहून छोटे व्हिडिओ सर्वांत जास्त बघितले जातात असं दिसलं. म्हणून ‘घसारा: घटती शिल्लक’, ‘उचल खात्याची नोंद’ असे तुकडे करून नावानिशी ग्रुपवर टाका.

ब्रेकआउट रूमचा (तासातच छोट्या गटांना वेगळं बसवण्याच्या सोयीचा) मी दूरशिक्षणात फारसा पुरस्कार करत नाही. कच्च्या रेंजवर लोक त्यातून बाहेर फेकले जातात, आणि अनोळखी चौघं एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात. त्यापेक्षा तासाबाहेर जोड्या लावा. शक्य तर एकाच तालुक्यातल्या दोघांची जोडी, आठवड्यातून एकदा साध्या फोनवर बोलून एक गणित सोडवायचं आणि दोघांच्या वहीचा एकच फोटो पाठवायचा. फोटो बघून तुम्ही दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवा, नाव घेऊन, नेमका: “पाचव्या नोंदीत जमा बाजू बघा, रोख नाही, बँक येईल.” माझा अनुभव असा, की तासात कधीच न बोलणारी माणसं या आवाजी संदेशाला आवाजानेच उत्तर देतात, आणि मग हळूहळू तासातही बोलू लागतात.

पेन टॅबलेट लागणार नाही. तो चांगला असतो, पण स्क्रीनकडे बघत पाटीवर लिहायची सवय लागायला वेळ जातो, तोवर अक्षर वाकडं येतं. तुमच्याकडचा जुना फोन दोन पुस्तकांच्या चळतींवर ठेवलेल्या पट्टीवर आडवा टेकवा, भिंग खाली वहीकडे, आणि त्याच तासात दुसऱ्या नावाने तो जोडा. या फोनचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. रकाने आखलेल्या कागदावर जाड काळ्या स्केचपेनने लिहा, दिवा डाव्या बाजूने घ्या म्हणजे हाताची सावली पडत नाही, आणि लिहिताना प्रत्येक आकडा तोंडाने म्हणा. विद्यार्थ्याला परीक्षेत कागदावरच लिहायचं आहे, त्यामुळे रेघ कुठे मारायची, बेरीज कुठे घ्यायची, स्पष्टीकरण कुठे लिहायचं हे त्याला तुमच्या हाताकडे बघून शिकता येतं. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगला माईक घ्या, आणि वीज गेली तरी राउटर चालू राहील असा छोटा बॅकअप.